दूरचे दोन विमानतळ आणि माणसाचे तास



या व्यासपीठावर विद्वान येतात, प्राध्यापक येतात. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढची पुस्तके आम्ही डेपोच्या बाकावर आणि मुक्कामी गाडीच्या शेजारी, कंदिलापेक्षा थोड्या बऱ्या उजेडात वाचली. तीस वर्षे आम्ही मोटार कामगारांच्या संघटनेचे काम करीत आहो. तेव्हा चालकांनी विमानाच्या विषयावर आम्हांला बोलावयास सांगितले, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. नवल आम्हांलाही वाटले होते. पण या विषयाकडे आम्ही हौसेने गेलो नाही. एका दुःखाच्या प्रसंगाने तो आमच्या दारात आणून उभा केला. तो प्रसंग आधी सांगतो.

आमच्या संघटनेतले एक जुने ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वी श्रावणात वारले. मंगळवारची रात्र, आठ वाजलेले. मुलगा ऑस्ट्रेलियात, सिडनीला नोकरीस. फोन आम्ही केला. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, मी येईपर्यंत थांबाल ना?" आम्ही आत येऊन त्याच्या आईला विचारले. तिने विचारले, "किती वेळ लागेल?" शेजारच्या एका पोराने हातातल्या फोनवर पाहून लगेच सांगितले, "मुंबई ते सिडनी दहा हजार किलोमीटर. विमानाला बारा तास." ती माउली म्हणाली, "मग थांबू या. सकाळपर्यंत येईल."

मुलगा आला तो गुरुवारी सकाळी आठ वाजता. फोन केल्यापासून छत्तीस तासांनी.

त्या छत्तीस तासांचा हिशेब आम्ही नंतर वहीत मांडला, कारण हिशेब मांडणे हा आमचा धंदाच आहे. तिकीट मिळवून घर सोडावयास साडेपाच तास. घरापासून विमान उडेपर्यंत चार तास. सिंगापूरपर्यंत आठ तास. तिथे पुढच्या विमानाची वाट पाहत चार तास. सिंगापूरहून मुंबई साडेपाच तास. मुंबईत शिक्के, सामान आणि गाडी शोधणे यांत एक तास. आणि मुंबईहून आपल्या गावापर्यंत रस्त्याने आठ तास. बेरीज छत्तीस. त्यांत विमान हवेत किती? साडेतेरा. म्हणजे निम्म्याहून पुष्कळ कमी. बाकीचे साडेबावीस तास त्या पोराने जमिनीवर काढले, आणि ते साडेबावीस तास कोणी त्या माउलीला सांगितले नव्हते.

शेजारच्या पोराचा आकडा खोटा नव्हता. अंतर बरोबर होते, विमानाचा वेळही जवळजवळ बरोबर होता. तरी उत्तर चुकले. हे असे का होते, याचा शोध घेता घेता आम्ही लंडन ते सिडनी या दोन विमानतळांपाशी जाऊन पोहोचलो. जगातल्या लांबच्या प्रवासाची गोष्ट सांगावी तर याच वाटेची सांगावी, इतका तिचा इतिहास मोठा आहे.

प्रथम अंतर. लंडनचा हीथ्रो विमानतळ आणि सिडनीचा विमानतळ यांच्यामधले सरळ अंतर सुमारे १७,०१६ किलोमीटर आहे. आता सरळ म्हणजे काय? पृथ्वी गोल. तिच्यावर सरळ रेघ ओढता येत नाही. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा, लंडनवर दोऱ्याचे एक टोक धरावे, सिडनीवर दुसरे, आणि दोरा ताणावा. तो जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पाहणारा म्हणेल की ही वाट अरबस्तान आणि हिंदुस्थान यांवरून जात असेल. दोरा तसे म्हणत नाही. तो उत्तरेकडे चढून रशियावर जातो, कझाकस्तानच्या उत्तर भागावरून खाली वळतो आणि अर्धी वाट संपते ती चीनच्या सिच्वान प्रांतात. हिंदुस्थान पुष्कळ दक्षिणेस राहतो. पृथ्वीच्या पाठीवर कोणतीही दोन ठिकाणे घेतली तरी त्यांच्यात सुमारे वीस हजार किलोमीटरांपेक्षा जास्त अंतर असू शकत नाही; तेवढ्यात अर्धी पृथ्वी संपते. त्यातले सतरा हजार या एका वाटेने खाल्ले आहेत.

आता वेळ. आजचे मोठे प्रवासी विमान ताशी नऊशे किलोमीटरांच्या आसपास चालते. सतरा हजारांना नऊशेने भागा. एकोणीस तास येतात. गणित पाचवीच्या मुलाचे आहे. पण या एकोणीस तासांपर्यंत यावयास माणसाला शंभर वर्षे लागली.

१९१९ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने बक्षीस लावले: इंग्लंडहून तीस दिवसांच्या आत विमानाने जो ऑस्ट्रेलियन येईल त्याला दहा हजार पौंड. रॉस आणि कीथ स्मिथ हे दोघे भाऊ आणि शायर्स व बेनेट हे दोन मेकॅनिक अशी चार माणसे १२ नोव्हेंबरला लंडनजवळून उघड्या विमानात बसून निघाली. कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे उतरत उतरत १० डिसेंबरला ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विनला पोहोचली. अठ्ठावीस दिवस लागले. दोघा भावांना 'सर' ही पदवी मिळाली. मेकॅनिकांना मिळाली नाही. पण बक्षिसाच्या रकमेचे त्या चौघांनी चार सारखे वाटे केले. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. रात्री इंजिन उघडून दुरुस्त करणाऱ्याचा वाटा दिवसा चालवणाऱ्याइतकाच, हे त्या चौघांना कोणत्याही संघटनेने शिकवले नव्हते.

पुढे १९३८ मध्ये पाण्यावर उतरणारी विमाने या वाटेवर आली. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनहून सिडनीला दहा दिवसांच्या आसपास लागत. वाटेत ती विमाने आपल्याकडे ग्वाल्हेर संस्थानातल्या तलावावरही उतरत. मग युद्ध आले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि वाट तुटली. तेव्हा १९४३ ते १९४५ या काळात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून थेट लंकेपर्यंत कॅटलिना जातीची विमाने जात. साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक नुसते पाणी. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र बंद, दिशा ताऱ्यांवरून. वेळ सत्तावीसपासून तेहेतीस तासांपर्यंत. एका उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसे, म्हणून त्या सेवेचे नावच दोन सूर्योदयांची सेवा असे पडले. हवेत सतत इतका वेळ राहणारी विमानाची दुसरी प्रवासी सेवा झालेली नाही, आणि ती विमाने ताशी दोनशे किलोमीटरांच्या आसपासच चालत.

१ डिसेंबर १९४७ रोजी, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यानंतर साडेतीन महिन्यांनी, सिडनीहून लंडनची नियमित सेवा सुरू झाली. विमान कॉन्स्टेलेशन, प्रवासी २९, कर्मचारी ११. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे. सिंगापूर आणि कैरो येथे रात्रीचा मुक्काम. चार दिवसांचा प्रवास. भाडे मात्र कामगाराच्या वर्षाच्या मजुरीतही बसणारे नव्हते.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये एक जंबो विमान लंडनहून निघून कोठेही न थांबता २० तास ९ मिनिटांनी सिडनीला उतरले. त्यात भाडे भरलेला प्रवासी एकही नव्हता. खास घट्ट इंधन भरले होते, आणि धावपट्टीपर्यंत जाण्यातही ते जळू नये म्हणून विमान ओढून नेले होते. तेव्हा कळले की येथे अडचण वेगाची नाही, वजनाची आहे. दूर जावयाचे तर जास्त इंधन हवे. ते इंधन वाहून न्यावयास आणखी इंधन हवे. आणि त्यासाठी माणसे कमी करावी लागतात. आपल्याकडे बैलगाडीने लांबच्या बाजाराला जाणारा शेतकरी कडबा गाडीतच घेतो. बाजार फार लांब असेल तर गाडीत कडबाच राहतो, माल राहत नाही. गोष्ट तीच.

मार्च २०१८ मध्ये पर्थ ते लंडन हा सुमारे १४,५०० किलोमीटरांचा न थांबता जाणारा मार्ग सुरू झाला. त्याला सतरा तास लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनहून सिडनीला एक प्रयोगाचे उड्डाण झाले. पन्नासएक माणसे, १९ तास १९ मिनिटे. सकाळी सहाच्या सुमारास लंडन सोडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सिडनीला उतरले. घड्याळ्याने पाहाल तर तीस तास झाले. वरचे अकरा तास दोन देशांच्या घड्याळांतल्या फरकाचे. त्याही माणसांनी दोन सूर्योदय पाहिले. पुढे मे २०२२ मध्ये याच वाटेसाठी बारा नव्या विमानांची मागणी नोंदवली गेली; त्यांत आसने फक्त २३८ ठेवावयाची ठरली, कारण तेच, वजन.

येथे एका शंकेचे उत्तर देतो. आमच्याच एका कंडक्टर मित्राने ती विचारली. तो म्हणाला, "पृथ्वी फिरतेच आहे, मग विमान वर नेऊन एका जागी उभे केले तर सिडनी आपोआप खाली येणार नाही का?" आम्ही म्हणालो, तू रोज धावत्या गाडीत उभा राहून तिकिटे फाडतोस. गाडीत उडी मारलीस तर मागच्या बाकावर पडतोस काय? जिथल्या तिथे पडतोस. हातच्या कांकणाला आरसा कशाला! पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि हवेबरोबर विमानही. मात्र त्या हवेत आणखी एक वारा असतो. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे प्रवाह असतात. त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्याही वर जातो. म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जावयास आठ तास, तर यावयास सुमारे सात. वाट तीच, अंतर तेच, वेळ निराळा. नदीत होडी चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

आणि वाऱ्यापेक्षाही मोठी अडचण माणसांची. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपच्या विमानांना रशियाचे आकाश बंद झाले. फिनलंडच्या हेलसिंकीहून टोकियोला पूर्वी साडेनऊ तास लागत, ते तेरा तासांच्या घरात गेले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांनाही वळसा पडला. गोलावरचा दोरा होता तेवढाच राहिला. म्हणजे अंतर नकाशाचे असते, पण वेळ वाऱ्याचा असतो, इंधनाचा असतो, राजकारणाचा असतो. आणि शेवटी तो ज्याच्या आयुष्यातून जातो त्या माणसाचा असतो.

येथून आम्ही आमच्या ओळखीच्या रस्त्यावर येतो.

आम्ही संघटनेत नवे असताना एका खाजगी गाड्यांच्या मालकाकडे आमचे काही ड्रायव्हर होते. तो पगार किलोमीटरवर देई. रात्रभर गाडी मुंबईला न्यावयाची, दिवसभर तिथे उन्हात गाडीखाली चटई टाकून पडावयाचे, संध्याकाळी पुन्हा प्रवासी भरावयाचे आणि रात्री परत. मालक म्हणे, "गाडी उभी होती तेव्हा तू काय काम केलेस?" आम्ही भांडण करण्याआधी प्रत्येकाला एक वही दिली आणि सांगितले, घर सोडल्यापासून घरी येईपर्यंतचा प्रत्येक तास लिहा. महिन्याने वह्या मालकापुढे ठेवल्या. गाडीचे तास आणि माणसाचे तास यांत जवळजवळ दुपटीचा फरक होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे काम आठ तासांचे ठरवले होते, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली होती, आणि मधल्या विश्रांतीसकट सगळा पसारा बारा तासांच्या आत बसला पाहिजे असे म्हटले होते. पण कायद्यात लिहिलेले वहीत उतरल्याशिवाय कोणी मानीत नाही. त्या वह्यांमुळे वाट पाहण्याचे तास मोजले जाऊ लागले. सगळे नाही, पण मोजले जाऊ लागले.

विमानाच्या धंद्यात हा हिशेब कसा करतात, हे पाहिले तेव्हा आम्हांला मौज वाटली. तिथे वेळ तीन प्रकारांनी मोजतात. एक, विमान जमीन सोडल्यापासून जमिनीला लागेपर्यंत. दुसरा, निघण्यासाठी विमान जागचे हलल्यापासून ते पोहोचून जागेवर उभे राहीपर्यंत. कंपनीच्या वेळापत्रकात हाच असतो. आणि तिसरा, वैमानिक कामावर हजर झाल्याची नोंद करतो तेव्हापासून सुरू होणारा कामाचा काळ. नियम या तिसऱ्या वेळेवरही बांधलेला असतो. म्हणजे आमच्या वहीतली गोष्ट तिथे छापील नियमात आहे. लांबच्या उड्डाणावर चार वैमानिक असतात. दोघे चालवतात तेव्हा दोघांना निजावयाची जागा असते. २०१९ च्या त्या प्रयोगात वैमानिकांच्या डोक्याला यंत्रे लावून त्यांची जागृती तपासली होती. विमान वीस तास उडू शकते, हे १९८९ मध्येच कळले होते. माणूस तेवढा वेळ शुद्धीवर राहतो का, हे पाहणे बाकी होते.

हे का पाहावे लागते? २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला येणारे विमान पहाटे धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. चौकशीत असे निघाले की मुख्य वैमानिक वाटेत दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता, आणि उतरण्याची रीत चुकत असताना त्याने ती सोडून विमान पुन्हा वर नेले नाही. दोष त्याचा ठरला. आम्ही त्या निर्णयावर बोलत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की दुबई ते मंगळूर काही सतरा हजार किलोमीटर नाही. मुंबईच्या रातराणीपेक्षाही कमी तासांची ती वाट. झोप अंतर पाहून येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या देशात वैमानिकांच्या आठवड्याच्या सलग विश्रांतीचे तास ३६ वरून ४८ करणारे नियम निघाले. कंपन्यांनी तक्रारी केल्या, नियम लांबले, शेवटी २०२५ च्या जुलैत आणि नोव्हेंबरात दोन टप्प्यांनी लागू झाले. आणि डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीला माणसे पुरली नाहीत. हजारो उड्डाणे रद्द झाली, लोक विमानतळांवर जमिनीवर झोपले. मग काही नियमांना तात्पुरती सवलत देण्यात आली. त्या दिवसांत आपल्याच गावात एक गृहस्थ आम्हांला म्हणाले, "तुमच्या या विश्रांतीच्या नियमांनी देशाचा खोळंबा झाला." आम्ही त्यांना म्हणालो, खोळंबा विश्रांतीने झाला नाही. दोन वर्षे आधी माहीत असून माणसे भरली नाहीत, त्याने झाला. ते गृहस्थ हसले. त्यांना पटले की नाही ते कळले नाही.

आता त्या पहाटेकडे परत जातो, कारण एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. त्या मुलाला आणावयास मुंबईला गाडी आम्हीच पाठवली होती. घाईत जो ड्रायव्हर मिळाला त्याला सांगितले, "नीघ." तो आदल्या रात्री पुण्याची फेरी करून आला होता, हे आम्हांला माहीत होते. आम्ही विचारले नाही. पहाटे घाट उतरताना त्याचा डोळा लागला. मुलाने, जो स्वतः दीड दिवस जागा होता, त्याच्या खांद्याला हात लावला म्हणून गाडी कठड्यापाशी थांबली. सतरा हजार किलोमीटरांच्या गोष्टी सांगणारे आम्ही, तीस वर्षे विश्रांतीसाठी भांडलेले आम्ही, आणि त्या रात्री आम्हीही किलोमीटरच मोजले. ड्रायव्हरचे तास मोजले नाहीत. एका घरात त्या दिवशी तीन प्रेते झाली असती, आणि मालक आम्ही होतो.

ती माउली छत्तीस तास बसून होती. मुलगा दारात आला तेव्हा तिने त्याला जवळ घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "जेवलास का?" मग ती ड्रायव्हरकडे वळली आणि म्हणाली, "त्यालाही निजू दे. उन्हाआधी परत पाठवू नका." तिच्या नवऱ्याने तीस वर्षे गाडी चालवली होती. तिला माहीत होते.

म्हणून बंधुभगिनींनो, आम्ही शेवटी दोनच गोष्टी मागतो. कोणी विचारले की अमुक ठिकाण किती लांब आहे, तर विमानाचे तास सांगून थांबू नका. दारापासून दारापर्यंतचे तास सांगा. घरी वाट पाहणारा त्यावर काही ठरवीत असतो. आणि या गावातल्या पुष्कळ घरांची मुले आता परदेशी आहेत. सणाला, लग्नाला, दुखण्याला ती रात्रीच्या विमानाने येतात आणि त्यांना आणावयास आपण गाडी पाठवतो. ती पाठवण्याआधी ड्रायव्हरला एक प्रश्न विचारा: "झोप झाली का?" नाही म्हणाला तर दुसरा पाहा, नाहीतर दोघांना पाठवा. पाच-सातशे रुपये जास्त जातील. जाऊ देत.

लंडनहून सिडनीला जाणाऱ्या विमानात चार माणसे पाळीपाळीने निजतात. मुंबईहून आपल्या गावी येणाऱ्या गाडीत एकटा माणूस जागत असतो. आपल्या मुलाच्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग तो आहे, आणि त्याचा बंदोबस्त करणे आपल्या हातात आहे.